हातमोज्यातली आई

भिंतीत एक लहानसा झरोका. अलीकडे स्टुलावर प्राणिसंग्रहालयाचा कीपर, पलीकडे पांढऱ्या लवेचं चार दिवसांचं पिल्लू. कीपरच्या हातावर कोपरापर्यंत चढवलेला काळा हातमोजा, आणि त्याच्या टोकाला कॉन्डॉरचं डोकं: टक्कल, सुरकुत्या, बाकदार चोच. चोचीच्या चिमट्यात उंदराच्या मांसाचा खिमा. डोकं झरोक्यातून आत जातं, पिल्लू डुगडुगत मान वर करतं, त्या चोचीत चोच घालून घास ओढतं आणि गिळतं. कीपर बोलत नाही. खोकला आला तरी दाबतो. पिल्लाच्या लेखी या खोलीत माणूस नाहीच.

१९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात आणि सॅन दिएगोच्या वाइल्ड ॲनिमल पार्कात हे रोज चालायचं. कॅलिफोर्निया कॉन्डॉर म्हणजे अमेरिकेतलं सर्वांत मोठं उडणारं पाखरू. पंख पसरले की जवळजवळ तीन मीटर, वजन आठ ते दहा किलो. आपल्या गिधाडांसारखंच मेलेलं खाणारं. १९८२ मध्ये जगात या जातीचे अवघे २२ पक्षी उरले होते, आज साडेपाचशेच्या पुढे आहेत. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी अशीच सांगतात, २२ वरून साडेपाचशे, टाळ्या. मला मात्र तिच्या मधली एक गाठ सोडवायची आहे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून ज्यांना माणूस दिसू दिला नव्हता, तीच पिल्लं मोठी झाल्यावर माणसांच्या घरात का शिरली?

एक अंडं

कॉन्डॉरचा संसार फार संथ. पिल्लू वयात यायला सहा ते आठ वर्षं. जोडी घरटं बांधत नाही, कड्यातल्या कपारीत जमिनीवरच एक अंडं घालते. एकच. ते सुमारे ५७ दिवस आई-बाप आळीपाळीने उबवतात. पिल्लू सहाएक महिन्यांनी उडतं, पण त्यानंतरही कित्येक महिने आई-बापांच्या मागे मागे असतं, म्हणून जोडी बहुधा वर्षाआड अंडं घालते. ज्याचा पाळणा इतका हळू हलतो त्याच्याकडे वर्षाला दोन-चार मोठे पक्षी जास्त मेले तरी भरून काढायला काही नसतं. आणि ते मरत होते. कुणी गोळी घातली म्हणून, कुणी विष टाकलेलं खाल्लं म्हणून, आणि सर्वांत जास्त शिशामुळे. शिकारी हरण मारतो, आतडी-कोथळा तिथेच टाकून मांस घेऊन जातो. शिशाच्या गोळीचे बारीक कण त्या कोथळ्यात राहतात. गिधाडाच्या पोटातलं आम्ल कडक, ते शिसं विरघळवतं, आणि पक्ष्याची अन्ननलिका लुळी पडते. पोटभर खाऊन उपाशी मरण येतं.

पिंजऱ्यात वाढवावं म्हटलं तर अनुभव कुणाकडे होता? १९६७ साली अशक्त अवस्थेत सापडलेलं टोपाटोपा नावाचं एक लहान नर पिल्लू लॉस एंजेलिसच्या झूमध्ये होतं, तेवढंच. ते माणसांतच वाढलं. पुढे त्याच्यासाठी मादी आली तेव्हा तिच्याशी कसं वागायचं हे त्याला कळेना, कारण आपण कोण हेच त्याला नीट ठाऊक नव्हतं. (बऱ्याच उशिरा त्याला कळलं, आणि तो अनेक पिल्लांचा बाप झाला. पण तोवर २५ वर्षं गेली होती.) त्यातच १९८० मध्ये घरट्यातल्या एका पिल्लाची मोजमापं घेताना ते शास्त्रज्ञांच्या हातातच दगावलं. लोक खवळले, परवाने रद्द झाले. कीपर मंडळींच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या: पिल्लाला शक्यतो हात लावायचा नाही, आणि माणसाचा ठसा तर अजिबात उमटू द्यायचा नाही. हातमोज्याची बाहुली या भीतीतूनच आली. पुढचं सगळं वाचताना ही भीती खोटी नव्हती हे लक्षात ठेवा.

कड्यावरचं भांडण

१९८२ च्या वसंतात दुर्बीण लावून बसलेल्या संशोधकांसमोर एका जोडीचं भांडण जुंपलं. अंड्यावर कुणी बसायचं यावरून. नर उठेना, मादी मागे हटेना, आणि त्या ढकलाढकलीत अंडं कपारीतून घरंगळत गेलं ते कड्याखाली. वर्षाचं एकुलतं एक अंडं गेलं. पण महिना-सव्वा महिन्याने त्याच जोडीने दुसरं अंडं घातलं.

शास्त्रज्ञांना हा पुरावा कागदावर हवा होता, तो मिळाला. आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने हसून सांगितलं असतं. कोंबडी खुडूक बसू नये म्हणून खालची अंडी काढत राहायची, म्हणजे ती घालत राहते; आणि बदकाची अंडी उबवायची तर खुडूक कोंबडीखाली बसवायची. कोळशाने खूण केलेलं अंडं कंदिलासमोर धरून आत जीव धरलाय का हेही ती बघायची. सॅन दिएगोत पुढे जे झालं ते याचंच महागडं रूप होतं.

१९८३ पासून रानातल्या कपारींमधून अंडी उचलायला सुरुवात झाली. उबदार पेटीत ठेवून हेलिकॉप्टरने झूमध्ये, तिथे इन्क्युबेटरमध्ये. तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या जरा वर. अंडं ठरावीक वेळाने फिरवायचं, वजन करायचं, दिव्यासमोर धरून शिरा वाढताहेत का, हवेची पोकळी किती झाली हे बघायचं. उबवणीत कवचातून पाणी उडत जातं आणि अंड्याचं वजन हळूहळू घटतं. जास्त घटलं तर पिल्लू आत सुकून चिकटतं, कमी घटलं तर शेवटी श्वासाला जागा उरत नाही. म्हणून रोजच्या वजनाचा आलेख काढायचा आणि त्याप्रमाणे यंत्रातला ओलावा कमी-जास्त करायचा. कीपरचं कसब म्हणतात ते इथे होतं, आणि ते फोटोत दिसत नाही. पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला दोन-तीन दिवस लागतात. रानात या वेळी आई-बाप चोचीने कवच हलकेच टिपून मदत करतात. इथे ते काम कीपरचं: कवचावर टकटक करायची, गिधाडांच्या आवाजाची टेप लावायची, आणि घाई करायची नाही.

३० मार्च १९८३ रोजी सॅन दिएगो झूमध्ये सिस्क्वोक जन्मला. माणसाच्या देखरेखीखाली अंड्यातून निघालेला पहिला कॅलिफोर्निया कॉन्डॉर. त्या वर्षी अशी चार पिल्लं मिळाली. ज्यांची अंडी नेली त्या जोड्यांनी रानात पुन्हा अंडी घातली. हिशेब जुळत होता.

रिकामं आकाश

मग १९८४-८५ चा हिवाळा आला. रानात १५ पक्षी होते, त्यांतले सहा दिसेनासे झाले. पाच जोड्यांपैकी एकच शाबूत राहिली. उरलेले सगळे पकडून आणायचे की काही रानात राहू द्यायचे, यावरून पक्षीप्रेमींमध्येच उभी फूट पडली. पर्यावरण चळवळीतले दिग्गज डेव्हिड ब्राउअर यांचा पकडण्याला ठाम विरोध होता. रान सोडून पिंजऱ्यात जगलेला कॉन्डॉर कॉन्डॉर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. पक्ष्यांच्या रक्षणासाठी काम करणारी ऑडुबॉन सोसायटी कोर्टात गेली, मनाई मिळवली. वरच्या कोर्टाने ती उठवली. दरम्यान १९८६ च्या जानेवारीत शेवटच्या जोडीतली मादी शिशाने मेली, आणि वादातली हवाच निघून गेली. १९ एप्रिल १९८७ रोजी एसी-९ असा क्रमांक दिलेला शेवटचा रानटी नर जाळ्यात आला. एकूण २७ पक्षी, सगळे दोन झूंमध्ये. आकाशात एकही नाही.

मी त्या जागी असतो तर पकडायच्या बाजूनेच मत दिलं असतं. पण ब्राउअर हरले तरी त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग पुढे खरा ठरला, आणि त्याची किंमत पिल्लांनी मोजली.

पिंजऱ्यातला पहिला पाळणा मात्र लगेच हलला. २९ एप्रिल १९८८ ला सॅन दिएगोत मोलोको जन्मली, तिथल्याच जोडीची. पुढचं काम वेगाने झालं. अंडं उचलायचं, जागी खोटं अंडं ठेवायचं किंवा ती रिकामी सोडायची, जोडी दुसरं घालते, कधी तिसरंही. वर्षाआड एकाच्या जागी एका वर्षात दोन-तीन. जोड्या ठरवायला वंशावळीची वही, कारण सगळी जात १४ मूळ पक्ष्यांवर आली होती. एका वाणात हाडांची वाढ खुंटवणारा दोष दबून होता; दोन्हीकडून तो आला तर पिल्लू कवचातच मरायचं. स्थळं जुळवणाऱ्या भटजीला पडत नसेल एवढा विचार इथे गोत्राचा करावा लागे. एवढी पिल्लं एकदम वाढवायला आई-बाप पुरणार नाहीत, हे उघडच होतं. म्हणून हातमोजे, आणि पिल्लं जरा मोठी झाली की समवयस्कांचा एक गट करून मोठ्या पिंजऱ्यात.

सोडण्यापूर्वी रंगीत तालीमही झाली. १९८८ पासून दक्षिण अमेरिकेतल्या अँडियन कॉन्डॉरच्या १३ माद्या कॅलिफोर्नियात सोडून पाहिल्या. फक्त माद्या, म्हणजे तिथे त्यांचा वंश रुजायला नको; नंतर त्या परत पकडल्या.

खांब आणि गाद्या

१४ जानेवारी १९९२. चोकुयेन्स आणि झेवी ही वर्षाचीही न झालेली दोन पिल्लं, सोबतीला दोन अँडियन कॉन्डॉर, यांना कॅलिफोर्नियातल्या सेस्पे अभयारण्यात मोकळं केलं. ऑक्टोबरात चोकुयेन्स मेला. पोटात ॲन्टिफ्रीझ निघालं, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते गोडसर विषारी पाणी. त्यानंतरच्या काळात आणखी पक्षी विजेच्या तारांना धडकून गेले. बाकीचे खांबांवर बसायचे, वस्तीच्या आसपास घुटमळायचे, माणूस दिसला की उडून जायच्या ऐवजी जवळ यायचे. शेवटी त्या पहिल्या तुकड्यांतले उरलेले पक्षी परत पकडून पिंजऱ्यात आणावे लागले. इतक्या कष्टाने सोडलेलं पुन्हा जाळ्यात धरताना त्या लोकांना काय वाटलं असेल.

खांबांवर उपाय सापडला, तोही साधा. सोडण्याआधीच्या पिंजऱ्यात खोटा विजेचा खांब उभा केला आणि त्यात हलका प्रवाह सोडला. बसलं की चटका. शेजारी झाडाची फांदी, तिला चटका नाही. पिल्लं चार-दोन प्रयत्नांत शिकली आणि तारांवरचे मृत्यू पुष्कळ घटले.

माणसांचं तसं सोपं नव्हतं. १९९९ मध्ये पाइन माउंटन क्लब या डोंगरी वस्तीत कॉन्डॉरांचं एक टोळकं जाळीचं दार फाडून बेडरूममध्ये शिरलं आणि गादीच्या चिंध्या केल्या. गच्चीवरच्या खुर्च्या, गाड्यांचे वायपर, घराच्या छपराचं रबर, जे ओढता येईल ते ओढायचे. कॉन्डॉर तसा मुळातच चौकस. मेलेल्या जनावराची कातडी फाडणाऱ्या चोचीला मऊ काही दिसलं की ती चाचपणारच. पण ज्या पिल्लांपासून माणूस लपवला तीच माणसाला भीत नव्हती, याचा अर्थ लागत नव्हता.

दोष पहिल्यांदा हातमोज्यावर गेला. बाहुलीने वाढवलेली पिल्लं बिघडतात, आई-बापांनी वाढवलेली सुधारतात, असं म्हणणं सुरू झालं. पण आई-बापांनी वाढवलेल्यांतलीही काही घुटमळली. शिवाय याच कामाचे एक आधारस्तंभ, मायकल वॉलेस, यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पेरूमध्ये झूत वाढवलेले अँडियन कॉन्डॉर सोडले होते आणि ते रानात नीट मिसळले होते.

माझ्या मते सगळं उत्तर त्या पेरूच्या आकाशात आहे. तिथे वर जाणते पक्षी होते. सोडलेलं पोर मढ्यावर उतरलं की कुणीतरी त्याला टोचून मागे सारायचं: थांब, आधी मोठे. कुणी एकदम उडालं की तेही उडायचं, कशाला भ्यायचं हे न समजता. कॅलिफोर्नियात १९९२ साली आकाश कोरं होतं. आपणच पाच वर्षांपूर्वी ते कोरं केलं होतं. वर्षाच्या पोरांच्या हाती वाडा दिल्यासारखं झालं. घरी वडीलधारं कुणी नाही, आणि आतापर्यंत मिळालेली आई म्हणजे घास भरवणारा एक हात.

तो हात माणसाला लपवू शकत होता, भरवूही शकत होता. डाफरणं मात्र त्याला येत नव्हतं. खरी कॉन्डॉर आई पिल्लाला मानेला धरून दाबते, बाप त्याला हुसकतो, आणि हा मार तासन्‌तास चालतो. आपण लपलो म्हणजे माणसाची भीती आपोआप येईल असं कीपरांनी धरलं होतं. भीती तशी येत नसते, ती कुणीतरी शिकवावी लागते.

वडीलधारे

दुरुस्ती पिंजऱ्यातच झाली. लॉस एंजेलिस झूच्या माइक क्लार्क यांच्यासारख्या कीपरांनी पिल्लांच्या समवयस्क टोळ्या मोडल्या. उडू लागलेल्या पिल्लांना एका मोठ्या, खमक्या पक्ष्यासोबत ठेवायला सुरुवात झाली. या गुरुजींचं काम म्हणजे मढ्यावर आधी आपण बसायचं, पोरांना रांगेत ठेवायचं, आगाऊपणा केला की चोच मारायची. कीपरला पिंजऱ्यात जावंच लागलं तर तो आरडाओरडा करत जायचा, पिल्लांना पळवायचा. माणूस आला की काहीतरी वाईट होतं एवढंच त्यांना कळावं म्हणून. चार दिवसांचं असताना ज्याच्यापुढे खोकायचं नाही, सहा महिन्यांनी त्याच्यावरच ओरडायचं, अशी ही नोकरी.

आणि जुनेजाणते परत रानात गेले. १९८६ मध्ये पकडलेली एसी-८ ही मादी २००० साली सोडली, तर एसी-९ ला २००२ च्या १ मे रोजी, पकडल्यानंतर पंधरा वर्षांनी. एसी-८ ने आपली जुनी वाट धरली, ज्या टेकड्या कोणत्याही नव्या पक्ष्याला ठाऊक नव्हत्या तिथे ती गेली. २००२ मध्ये ती शिशाने आजारी पडली, झूमध्ये उपचार झाले, पुन्हा सोडली. २००३ च्या फेब्रुवारीत एका शिकाऱ्याने तिला झाडावर बसलेली असताना गोळी घातली.

शिशाचं दुखणं अजून सरलेलं नाही. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी आली, पण बाजूच्या राज्यांत नाही. रानातले पक्षी वरचेवर पकडून रक्त तपासणं, शिसं जास्त निघालं तर औषध देऊन ते बाहेर काढणं, हे चालूच असतं. आई-बाप पिल्लांना काचेचे तुकडे, बाटल्यांची बुचं भरवतात, हा आणखी एक ताप. २०२३ मध्ये बर्ड फ्लूने ॲरिझोना-युटाच्या थव्यातले २१ पक्षी गेले, तेव्हा कॉन्डॉरना लस टोचायला सुरुवात झाली. आणि २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या टेहाचपी गावात एका बाईंच्या घराच्या डेकवर पंधरा-वीस कॉन्डॉर उतरले आणि त्यांनी तिथे धुमाकूळ घातला. वन्यजीव खात्याने सल्ला दिला, पाण्याचा फवारा मारा. म्हणजे खोड पूर्ण मोडलेली नाही.

ताडोबाकडे बघताना

हे सगळं वाचताना माझी नजर सारखी इकडे वळते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पंधराएक वर्षांत आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात नऊशे नव्याण्णव या प्रमाणात गेली. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जायचं, आणि त्यांच्या मूत्रपिंडांना ते पेलत नव्हतं. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) हरियाणा सरकारच्या सोबतीने पिंजोरला प्रजनन केंद्र उभारलं. तिथे मोठमोठ्या पिंजऱ्यांत पुष्कळ गिधाडं एकत्र राहतात, पिल्लं आपल्याच जातीच्या गर्दीत, धक्के-टोचे खात वाढतात. गिधाडांच्या खाण्यासाठी आणलेल्या बकऱ्या कापण्याआधी काही दिवस केंद्रातच ठेवतात, म्हणजे अंगात औषध असलंच तर उतरून जाईल. कॉन्डॉरपेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. अर्थात आपली गिधाडं थव्याने राहणारी, त्यामुळे ते जमतंही.

२०२४ च्या जानेवारीत पिंजोरहून २० गिधाडं महाराष्ट्रात आली. दहा लांब चोचीची पेंचला, दहा पांढऱ्या पाठीची ताडोबाला. काही महिने तिथल्या पिंजऱ्यात ठेवून पाठीवर जीपीएस बसवून त्यांना सोडलं. ताडोबातलं एक तर भटकत तमिळनाडूपर्यंत गेलं. बातमीत ते कौतुकाने आलं, आणि कौतुक आहेच. पण ज्या आकाशात पांढऱ्या पाठीचं जाणतं गिधाड जवळजवळ उरलेलं नाही तिथे या पोरांना मढं कुठे शोधायचं, कुठल्या तारेपासून लांब राहायचं हे कोण दाखवणार? मोठी गिधाडं आधी सोडावीत की लहान, दोन्ही मिसळून सोडावीत की काय, हा प्रश्न कॅलिफोर्नियाने दहा वर्षं ठेचा खाऊन सोडवला. तो आपण पुन्हा पहिल्यापासून सोडवू नये, एवढंच.

पडद्यासमोर

लॉस एंजेलिसच्या झूमध्ये अलीकडे वेगळंच सुरू आहे. एका जोडीला एकच पिल्लू हा निसर्गाचा नियम त्यांनी हळूच वाकवला. आपलं पिल्लू असलेल्या जोडीकडे दुसरं पिल्लू देऊन पाहिलं, जोडीने ते स्वीकारलं. मग तीन. २०२४ च्या हंगामात तिथे १७ पिल्लं झाली. झूचा तोवरचा विक्रम १५ चा होता, १९९७ सालचा. आणि या सतरांपैकी एकालाही हातमोज्याने भरवावं लागलं नाही.

दोन-तीन पिल्लं एकीच्या पंखाखाली गेली की पहिले काही दिवस कठीण. धाकट्याला घास मिळतोय ना, थोरलं त्याला फार टोचत नाही ना, की आईच एकाला कोपऱ्यात ढकलतेय. आत कॅमेरे असतात. कीपर पडद्यासमोर बसतो, किती वेळा भरवलं, कुणी कुणाला टोचलं हे वहीत टिपतो. धाकट्याला मार बसताना दिसतो. तो खुर्चीत पुढे सरकतो, आणखी थोडं थांबतो, आणि वेळ लिहून पान उलटतो.